घोडबंदर रोडचा गादी सेल: लेटेक्स दाखवलं, फोम दिला, 32,100 रुपये गेले

रद्दीवाल्याच्या काट्यावर आमची नवीकोरी 'नॅचरल लेटेक्स' गादी 14 किलो भरली. 78 बाय 72, सहा इंच जाडीची खरी लेटेक्सची गादी चाळीस किलोच्या आसपास जाते. म्हणजे माझ्या घरात काय आलंय ते कळायला लॅबची गरज नाही.

आधीच सांगते, मी काहीही न बघता गेले नव्हते. सासूबाईंची कंबर धरते, त्या कुशीवर झोपतात. काथ्याची गादी त्यांना खांद्याला टोचते, साधा फोम वर्षभरात बसतो, मेमरी फोम आपल्या ठाण्याच्या दमट हवेत गरम होतो. लेटेक्स दाबलं की लगेच वर येतं आणि त्यात साच्यातल्या खिळ्यांची बारीक भोकं असतात, हे सगळं मी वाचून गेले होते. सेल एका भाड्याच्या हॉलमध्ये होता; तिथल्या गादीची चेन उघडून भोकं बघितली, वास घेतला. माल अस्सल होता. "आजी, दहा मिनिटं पडून बघा, घाई नाही," म्हणत विक्रेत्याने सासूबाईंना उशीसुद्धा आणून दिली. त्या खूश. म्हणून घेतली.

भाव 34,500. जुनी गादी एक्स्चेंजमध्ये 3,000. उरले 31,500. त्यातले 12,000 तिथेच यूपीआयने, 19,500 डिलिव्हरीला रोख. बिल मागितलं तर "पक्कं बिल मालाबरोबर येईल ताई" म्हणून एस्टिमेटची चिठ्ठी हातात दिली. तुम्ही घेऊ नका. जीएसटी नंबर छापलेलं बिल मिळत नसेल तर तिथूनच परत फिरा. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंदा कोणाच्या नावावर आहे ते फुकट कळतं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. गादी घेऊन पोरगा एकटा आला. एकटा! लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर दुमडून, एका हाताने तोल सांभाळत, आणि दारात उभा राहिला तर त्याला साधी धापही लागली नव्हती. चाळीस किलो डोक्यावर घेऊन तीन मजले चढलेला माणूस असा दिसतो का? माझ्या मनात आलंच होतं. मी म्हटलं, "प्लॅस्टिक काढून दाखव." तर म्हणे, "ताई, सील मी फाडलं तर वॉरंटी जाते, चोवीस तासांनी तुम्हीच काढा." पण तोवर त्याने जुनी गादी आधीच खाली नेऊन टेम्पोत टाकली होती. तीच तर यांची युक्ती. सासूबाई रिकाम्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, रात्रीचे साडेआठ. अशा वेळी माल परत पाठवून म्हातारीला फरशीवर झोपवायचं का? मी पैसे दिले. वर 600 हमाली. चलनावर 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सहीसुद्धा घेतली. जुनी गादी नवी उघडून बघेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढलं तर चेनच नाही, चारी बाजूंनी शिवलेली. महिन्याभरात मधोमध खड्डा पडला. शिवण उसवली तर आत गोंदाने चिकटवलेले पिवळट फोमचे तीन थर. भोक एकही नाही.

नंतरची वणवण वेगळीच. फोन बंद. हॉलवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, पार्टीची माहिती देता येणार नाही. का नाही? भाडं घेताना ओळखपत्र घेतलं असेलच ना! बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीचा. यूपीआयवरचं नाव कुणा तिऱ्हाइताचं आहे, त्याचं काय, याला उत्तर नाही. पोलिसांनी तासभर बाकावर बसवलं आणि "मॅडम, हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून वाटेला लावलं. दाखवला एक माल, दिला दुसरा, पैसे तिसऱ्याच्या खात्यात, ही फसवणूक नाही तर काय आहे? लेखी अर्ज घ्या म्हटलं तर साहेब राउंडला गेलेत. पुन्हा गेले तर आधीचे साहेब बदललेले, कथा पहिल्यापासून. सही केलीत ना, हे मात्र प्रत्येकाने ऐकवलं. फसवणारा मोकळा आणि जाब विचारतात मला!

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा, नंबर जपा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. मुदत दोन वर्षं. मी अर्ज तयार केलाय, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता कुठून आणू? म्हणून सांगते, पैसे देण्याआधी दुकानाच्या पाटीचा, विक्रेत्याचा आणि चेन उघडलेल्या गादीचा फोटो काढा. माझ्याकडे फक्त चिठ्ठी आहे.

परवा नणंदेने कोपरखैरण्याहून बॅनरचा फोटो पाठवला. नाव वेगळं, पण लेआउट तोच, 'फक्त शनिवार-रविवार' तेच, एक्स्चेंजचे 3,000 तेच. तिकडे कोणी जाणार असाल तर प्लॅस्टिक फाडून, गादी वजन करून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.