बेळगाव ते इरुंगट्टुकोट्टई: नवीन एम-टू घेऊन पहिला ट्रॅक डे

एनएच-४८ धरायचा आणि सोडायचा नाही, एवढाच रस्ता. बेळगावातून हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळूर, पुढं कृष्णगिरी, वेल्लूर, आणि आठशेच्या वर किलोमीटर झाले की श्रीपेरंबुदूरच्या पुढं इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट. तिथं ट्रॅक डे होता, म्हणजे फी भरून आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. लहानपणी वडिलांबरोबर ह्याच रस्त्यावरून, तेव्हा एनएच-४ म्हणायचे, कास्टिंग घेऊन बेंगळूरला जायचो, खरं हाच रस्ता पुढं जाऊन एका रेस ट्रॅकच्या शेजारून निघतो हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

उद्यमबागेत आमची फौंड्री आहे, ग्रे आयर्न आणि थोडं एसजी आयर्न, म्हणजे बिडाचेच दोन प्रकार. गाडी बीएमडब्ल्यू एम-टू, ४८० हॉर्सपॉवरची, तीन लिटरचं सरळ सहा सिलेंडर ट्विन टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल मागून घेतली. घरात आई अजून विचारते की एवढे पैसे घालून मागं नीट बसायला जागा कशी नाही, आणि तिचं बरोबर आहे, मागं मोठ्या माणसानं बसू नये. ही गाडी का घेतली ते सांगतो. ह्या इंजिनाच्या सिलेंडर हेडच्या कास्टिंगला जो कोर, म्हणजे आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, वापरतात तो थ्रीडी प्रिंटिंगनं केलेला असतो. वाळूचा कोर कोरबॉक्समधून, म्हणजे त्याच्या साच्यातून, काढायचा म्हणजे ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना थोडा उतार, द्यावा लागतो, आडवे-तिडवे मार्ग आत घेताच येत नाहीत, ह्याच्यावर आमचं सगळं आयुष्य गेलंय, आणि ह्यांनी बॉक्सच काढून टाकला, पाण्याचे मार्ग हवे तिथून फिरवले. बॉनेट उघडून दाखवण्यासारखं त्यात काही नाही, खरं मला ते माहीत आहे आणि गाडी सुरू केली की दर वेळी आठवतं.

नवीन गाडी थेट ट्रॅकवर नेऊ नका. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएम आणि १७० च्या स्पीडची मर्यादा पाळायची असते, मग रनिंग-इन सर्व्हिस होते, त्यात इंजिन ऑइल, फिल्टर आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलतात. ब्रेकचे पॅड आणि डिस्कसुद्धा एकमेकांना घासून बसायला पाचशेएक किलोमीटर लागतात. मी हे २००० आंबोली, चोर्ला घाट आणि कोल्हापूर असे रविवारी सकाळी सकाळी करत पुरे केले, मजा आली. सर्व्हिसची अपॉइंटमेंट मात्र डीलरनं दोनदा पुढं ढकलली आणि आम्हाला बेळगावातून गाडी तिथपर्यंत न्यायची म्हणजे आख्खा दिवस जातो, हे फोनवरच्या माणसाला समजावून सांगता सांगता मी थकलो. मधल्या वेळेत कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर दोनदा गो-कार्ट चालवून आलो, आणि तुम्ही नवीन असाल तर हे नक्की करा, वळणात नजर पुढं कुठं ठेवायची ते कार्टमध्ये जेवढं लवकर कळतं तेवढं मोठ्या गाडीत कळत नाही.

इन्शुरन्सचं पण बघून ठेवा. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत ऑर्गनाइझ्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च आपला. मी हे बायकोला आधीच स्पष्ट सांगितलं आणि मगच निघालो.

दावणगिरीला बेण्णे डोसा, बेंगळुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपेरंबुदूर. सामानात हेल्मेट, टायरचं प्रेशर मीटर, छोटा कॉम्प्रेसर आणि दोन डबे कुंदा. लांबच्या प्रवासाला गाडी कडक आहे, आमच्या खानापूर रस्त्यावर ते जास्त जाणवतं, हायवेवर कमी. सीट मात्र फार चांगल्या, एवढ्या लांब जाऊन पाठ दुखली नाही.

आता ट्रॅक. ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासून चालू. नारायण कार्तिकेयन, करुण चंढोक ही फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेली माणसं इथं गाडी चालवून मोठी झालेली. पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या पट्ट्यात, उभं राहून हे मनात आलं की अंगावर काटा येतो, खरंच येतो.

ऑर्गनायझर कोण ते लिहीत नाही. चांगलं काय होतं, तर सकाळचं ब्रीफिंग नीट झालं, कुठल्या झेंड्याचा काय अर्थ ते प्रत्यक्ष दाखवून सांगितलं, पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सेशन बंद, निळा दिसला की मागच्याला वाट द्या, आणि ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हात दाखवला तरच. ॲम्ब्युलन्स आणि आगीची गाडी दिवसभर जागेवर होती. स्क्रुटिनीत त्यांनी चाकांचे बोल्ट, टो हुक, गाडीतलं सुटं सामान सगळं तपासलं, माझे कुंद्याचे डबे पण बाहेर काढायला लावले, बरोबर केलं. वाईट काय, तर नवीन लोकांच्या ग्रुपमध्ये गाड्या फार घेतल्या होत्या. वीस मिनिटांचं सेशन म्हणायचं आणि त्यात तीन-चारच लॅप मोकळ्या मिळायच्या, बाकी वेळ पुढच्या गाडीची डिक्की बघत. दुपारी प्यायचं पाणी संपलं, मद्रासच्या उन्हात हे चालणारच नाही, एवढी फी घेता तर पाण्याचे चार कॅन जास्त आणा की. टायरमध्ये हवा भरायची सोय पण नव्हती, माझा कॉम्प्रेसर सहा जणांनी वापरला.

इन्स्ट्रक्टर मात्र हिरा माणूस. वयस्कर, शांत, पहिल्या सेशनला शेजारी बसले आणि पहिल्या दोन लॅप एक शब्द बोलले नाहीत.

मी काय करत होतो, तर स्पीडला घाबरून प्रत्येक वळणाच्या फार आधी ब्रेकवर पाय ठेवत होतो आणि हलका दाबून लांबपर्यंत ओढत होतो. मला वाटायचं हे जपून चालवणं आहे. दुसऱ्या सेशनमध्ये पाचव्या लॅपला होम स्ट्रेट संपून पहिल्या उजव्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल मऊ, नेहमीपेक्षा खाली गेलं. गाडी थांबत होती, खरं पाय जिथं कडक लागायचा तिथं स्पंज दाबल्यासारखं झालं. पोटात गोळा आला. लॅप हळू पूर्ण करून पिटला आलो.

हिशेब तिथंच कागदावर केला. माणसासकट गाडी १८०० किलो धरा. ताशी १८० वरून ९० वर आणायची म्हणजे जवळजवळ १७ लाख ज्यूल उष्णता चार डिस्कमध्ये घालायची, एवढ्या उष्णतेत साडेपाच लिटर साधं पाणी उकळी फुटेपर्यंत तापतं, आणि हे तीन सेकंदात, एका वळणाला, मग पुढच्या वळणाला परत. डिस्क असते ग्रे आयर्नची, आमच्याच धंद्यातली चीज, त्यातल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या उष्णता पटकन पसरवतात म्हणून तर अजून ग्रे आयर्न वापरतात. ती उष्णता हवेत जायला वेळ पाहिजे. मी ब्रेक लांब ओढत होतो म्हणजे पॅड जास्त वेळ डिस्कला चिकटून, डिस्कला निवायला वेळच नाही, आणि उष्णता पॅडमधून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला, तिथून ब्रेक ऑइलला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ही हमी १५५ पर्यंत खाली येते. माझी गाडी आख्खा पावसाळा बेळगावात होती, आमचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल मऊ. गाडीत खोट काढायला जागा नाही, तापवली मी.

इन्स्ट्रक्टरनी दोन गोष्टी सांगितल्या. ब्रेक उशिरा मारा, जोरात मारा आणि लवकर सोडा. आणि सेशन संपलं की शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न लावता फिरवा, पिटमध्ये आलं की हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर तेवढाच भाग वेगळा निवतो. हे ऐकलं आणि मला आमच्या फौंड्रीतले आप्पा आठवले. चाळीस वर्षं फर्नेसवर आहेत, निघताना गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "दादा, तापल्यालं काय बी असू दे, निवताना घाई करायची न्हाई. साच्यातनं लवकर काढल्यालं कास्टिंग चिरतंय बघा." मी तेव्हा "होय आप्पा, तुम्ही सांगताय तसंच करतो" म्हणून निघालो होतो, लक्ष नव्हतं.

तिसरं सेशन मुद्दाम सोडलं, ब्रेक पूर्ण निवू दिले. तेवढ्या वेळात एमएच-०९ पाटीची एक गाडी दिसली, कोल्हापूरची दोन पोरं, मराठी कानावर पडल्यावर थेट जाऊन कुंद्याचा डबा उघडला. बेंगळूरच्या ग्रुपशी कन्नडात गप्पा झाल्या, त्यातल्या एकाकडं नवीन ब्रेक ऑइल होतं, त्यानं आणि मी मिळून चारी चाकांचं ब्लीड केलं, म्हणजे जुनं ऑइल आणि बुडबुडे काढून नवं भरलं, पैसे घेतले नाहीत, कुंदा घेतला.

चौथं सेशन. चाकं जागेवर घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचे दहा टप्पे आहेत, मी मधला ठेवला, गिअर उतरवताना इंजिन आपोआप रेव्ह जुळवतं ते चालू ठेवलं कारण दोन गोष्टी एकदम शिकायच्या नव्हत्या. उशिरा ब्रेक, कडक ब्रेक, सोड, वळव. पहिल्यांदा गाडीचं नाक मी बघत होतो तिथं गेलं. पुढचे टायर धरतात, मागचा भाग हलकासा फिरतो, ॲक्सिलरेटर हळू उघडला की सरळ होतो आणि मग ते इंजिन सात हजार दोनशे आरपीएमपर्यंत ज्या आवाजात जातं त्याला मी काय नाव देऊ. वजन जाणवतं, अंगानं जड गाडी आहे, लागोपाठच्या वळणांत ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर यायला क्षणभर घेते. खरं काय चाललंय ते ती हाताला सांगत राहते. सहा लॅप केल्या, पेडल शेवटपर्यंत कडक. नवीन लोकांच्या ग्रुपला टायमिंग देत नव्हते आणि मला नकोच होतं. शेवटच्या लॅपनंतर हेल्मेट काढलं तेव्हा डोळ्यात पाणी होतं, वडील असते तर त्यांना शेजारी बसवलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर फीपेक्षा पेट्रोल आणि हॉटेल जास्त पडलं, ट्रॅकवर लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर, आणि एका दिवसात पुढच्या टायरच्या कडा चांगल्याच खाल्ल्या. तरी जाच. ह्या गाडीचा खरा वेग आपल्या रस्त्यावर बघायचा म्हणजे कुणाच्या तरी पोराच्या जिवाशी खेळ, तो ट्रॅकवरच बघावा. पुढच्या वेळी मी जायच्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून जाणार, ट्रॅकसाठीचे पॅड घालणार आणि कमी गाड्या घेणारा ऑर्गनायझर शोधणार. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, गडहिंग्लज, कुठं कुणाकडं जोरदार गाडी असेल तर बोला, पोलो असो नाहीतर पोर्शे, चार गाड्या मिळून गेलो तर पाणी, कॉम्प्रेसर, हत्यारं सगळं वाटून नेता येईल.

टायरचं राहिलं. सकाळी थंड असताना ३२ पीएसआय होतं, सेशननंतर ३९ झालं, म्हणून गरम असतानाच हवा कमी केली. संध्याकाळी ती परत भरायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये डॅशबोर्डवर प्रेशरची वॉर्निंग. कॉम्प्रेसर होता म्हणून दहा मिनिटांत काम झालं. तेव्हा घरी निघायच्या आधी चारी टायर थंड असताना मोजा, भरा, आणि मगच हायवेला लागा.