स्लिपवर बारा हजार, पासबुकात नऊ हजार

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत किंवा सातपूरला ठेकेदाराकडून कामाला असाल, तर पीएफच्या पासबुकात शिल्लक नंतर बघा, आधी पगाराचा रकाना बघा. शिल्लक दर महिन्याला वाढतच असते, म्हणून चोरी दिसत नाही. आमची अशीच लपली होती.

किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. हा महागाई भत्ताच असल्यामुळे त्यावरही पीएफ कापायचा असतो. आमच्या ठेकेदारानं कापला, पण भरला नाही. हिशेबाला सोपे आकडे घेतो: मूळ पगार आणि भत्ता मिळून स्लिपवर १२,०००, त्यावर बारा टक्के म्हणजे १,४४० कापलेले. पासबुकात मात्र पगार जुनाच, ९,०००, आणि आमचा हिस्सा १,०८०. मधले ३६० रुपये ठेकेदाराच्या खिशात! मालकाच्या हिश्शातही तेवढेच कमी. डिपार्टमेंटमधल्या एकानं मुलीच्या लग्नासाठी अॅडव्हान्स काढायला त्रिमूर्ती चौकातल्या सायबर कॅफेत पासबुक उघडलं, तेव्हा हे बाहेर आलं.

विचारायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, पेन्शनला सरकारनं पंधरा हजारांची मर्यादा घातलीय. पगार वाढला तरी तुमची पेन्शन वाढणार नाही. उगाच कशाला तक्रार?" अर्धं खरं सांगून गप्प बसवायची ही पद्धत नीट ओळखा. मर्यादा खरी आहे, २०१४ च्या सप्टेंबरात ती ६,५०० वरून १५,००० झाली. पण ती लागते पंधरा हजारांच्या वर. आम्ही खाली होतो, म्हणजे भत्त्याचा प्रत्येक रुपया पेन्शनमध्ये धरला जायला हवा होता.

मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. नऊ हजारांवर ७५०, बारा हजारांवर १,०००. या रकमेवर खात्यात व्याज दिसत नाही, म्हणून लोक तिकडे बघतही नाहीत. पण पेन्शन त्या रकमेवर ठरतच नाही. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, असा हिशेब असतो. पंधरा वर्षांच्या नोकरीला नऊ हजारांवर महिना १,९२८ आणि बारा हजारांवर २,५७१ बसतात. जवळपास साडेसहाशेचा हा फरक मरेपर्यंत, आणि पुढे बायकोच्या पेन्शनमध्येही. निवृत्तीला पाच वर्षं उरलेल्यांनी तर एकही महिना असा जाऊ देऊ नये.

दुसरी युक्ती आमच्या शेजारच्या शेडमध्ये चालते: वाढ घरभाडे आणि वॉशिंग भत्त्यात टाकायची, "हातात जास्त येतील" म्हणायचं. घरभाड्यावर पीएफ नाही, हे खरं. पण सगळ्यांना सरसकट मिळणारे इतर भत्ते मूळ पगारातच धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या फेब्रुवारीत सांगितलंय.

आम्ही स्लिपा आणि पासबुकाच्या प्रती जोडून पीएफ कार्यालयात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला, आणि एक प्रत मूळ कंपनीला, म्हणजे जिच्या कारखान्यात ठेकेदार आम्हाला कामाला लावतो तिला. ही प्रत विसरू नका. ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, आणि तिथल्या अकाउंट्सवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आमचा हिस्सा कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, हेही अर्जात लिहिलं होतं. त्यानंतर ठेकेदार स्वतःहून भेटायला आला, रोख देतो म्हणाला. रोख घेतली असती तर पासबुकातला पगार नऊ हजारच राहिला असता, म्हणून नको म्हटलं. मागच्या काही महिन्यांचा फरक आता पासबुकात आलाय, आधीच्याची चौकशी चालू आहे. ज्यांनी स्लिपा फेकून दिल्या, त्यांचं काम कंपनीच्या हजेरी आणि पगार रजिस्टरवर अडलंय.

नवीन ठेकेदार स्लिप देत नाही, फक्त हातात येणारा आकडा व्हॉट्सअॅपवर टाकतो. त्याला आम्ही पहिल्याच पगाराला लेखी मागणी दिलीय.