बोटीवर लॅपटॉप नखरे करतोय: इन्व्हर्टर बदलायचा, की वगळायचा?

धक्क्यावरच्या विजेवर लॅपटॉप मुकाट चार्ज होतो. दोर सोडले आणि इन्व्हर्टर चालू केला की टचपॅडवरचा बाण आपोआप पळायला लागतो, चार्जर गुणगुणतो, आणि किटली लावली की इन्व्हर्टर पीं पीं करत बंद. अशा वेळी पहिला विचार येतो तो ‘चांगला’ इन्व्हर्टर घेण्याचा. समोर तीन वाटा असतात. आहे त्या मॉडिफाइड साइन वेव्ह इन्व्हर्टरशी (जो खडबडीत लाटेची वीज देतो) जमवून घ्यायचं, घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा प्युअर साइन वेव्ह बसवायचा, नाहीतर ही उपकरणं सरळ बॅटरीच्या १२ व्होल्टवर आणायची.

पण आधी अर्धा तास मल्टीमीटर घेऊन बॅटरीच्या कप्प्याशी बसा. कारण त्या पीं पीं चा वेव्हशी काही संबंध नसतो.

हिशेब साधा आहे. १००० वॉटचं उपकरण २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा ओढत नाही. तेच १२ व्होल्टच्या बाजूला ८३ अँपिअर होतात आणि इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरली तर नव्वदीच्या पुढे. १०० अँपिअरच्या वाटेत दहा मिलिओहम (एका ओहमचा शंभरावा भाग), एवढासाच अडथळा आला तरी पूर्ण एक व्होल्ट गायब होतो आणि त्या जोडावर १०० वॉटची शेगडी तयार होते. म्हणून लोड चालू असतानाच दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या खांबांवर (लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन्हीकडे आकडा खाली बसला तर बॅटरी थकली आहे किंवा रिकामी आहे. बॅटरीवर ठीक आणि इन्व्हर्टरवर कमी असेल, तर चोर मधे कुठेतरी आहे. तीन-चार दशांश व्होल्टपर्यंतचा फरक मी सोडून देतो, त्यापुढचा नाही.

माझ्याकडे बॅटरीवर १२.३ आणि इन्व्हर्टरवर १०.९ आले होते. लग बाहेरून चकचकीत. जोडावरची प्लास्टिकची नळी (हीट-श्रिंक) कापली, तर लगच्या तोंडाशी हिरवट भुकटी आणि आत हातभर तार काळी ठिक्कर. खारी हवा साध्या तांब्यात अशीच शिरते, म्हणून बोटीवर कल्हई केलेली केबल वापरतात. तोपर्यंत मी नव्या इन्व्हर्टरची ऑर्डर देऊन बसलो होतो. तोही त्याच केबलवर तसाच ओरडला असता.

केबल निर्दोष निघाली, तरच पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची लाट. हा इन्व्हर्टर स्वस्त असतो, आणि लोक समजतात तेवढा वाईटही नसतो. लॅपटॉपचा चार्जर आत आलेल्या विजेचं आधी डीसी करून घेतो, त्यामुळे तो बहुधा कुरकुरत का होईना चालतो. सोल्डरिंग आयर्न, किटली यांना लाटेचा आकार कळतच नाही. खरी वाट लागते ती ट्रिमर आणि इलेक्ट्रिक टूथब्रशसारख्या वस्तूंच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या छोट्या चार्जरची. त्यातला करंट एक कपॅसिटर रोखून धरतो, आणि पायरीच्या उभ्या कडेला तो भलताच जास्त करंट सोडतो. चार्जर हाताला चटका लागण्याइतका तापला, तर लगेच काढा. डिमर बिनसतात, मोटरी घूं करतात आणि तापतात. आणखी एक फसगत: साध्या मीटरने या इन्व्हर्टरचं आउटपुट मोजलं तर आकडा बराच कमी दिसतो. इन्व्हर्टर बिघडलेला नसतो, मीटर शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरून बोलतो. ट्रू आरएमएस (लाटेचा आकार कसाही असला तरी बरोबर मोजणारा) मीटर असेल तरच त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

प्युअर साइन वेव्ह हे सगळं मिटवतो. मोटर आणि कॉम्प्रेसर चालवायचे असतील तर दुसरा विचारच नको. फक्त सुरू होतानाचा झटका चालू वॅटच्या कित्येक पट असतो, तेवढी ताकद बघून घ्या. पण पळणारा बाण? तो बहुतेकदा अर्थिंगचा प्रश्न असतो. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपची बॉडी अधांतरी राहते, आणि लाट कितीही शुद्ध असली तरी ती अधांतरीच राहणार. तीन पिनांची वायर लावून बघा, फरक पडू शकतो. इथे एक मात्र स्वतःच्या मनाने करू नका: न्यूट्रल आणि अर्थ जोडणं. काही लहान इन्व्हर्टरमध्ये आउटपुटच्या दोन्ही तारा बॉडीपासून निम्म्या व्होल्टेजवर असतात. तिथे ही जोडणी केली की इन्व्हर्टर गेला. धक्क्याची वीज आणि इन्व्हर्टर यांच्यातला बदल करणारा स्विच तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, आणि लोक तिच्याकडेच सगळ्यात कमी बघतात. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने पुन्हा त्याचे २० करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? यूएसबी-सी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारा) डीसी चार्जर १२ वरून थेट २० व्होल्ट देतो. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी खातो. एक अँपिअर धरला तरी दिवसाला २४ अँपिअर-तास, काहीही न करता. राउटरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी तो थेट जोडू नका. बॅटरी चार्ज होताना बोटीवर १४.४ व्होल्ट असतात आणि इंजिन सुरू करताना ११ च्याही खाली जातात, म्हणून मधे रेग्युलेटर हवा.

या वाटेतला काटा म्हणजे रेडिओ. सुमार दर्जाचे डीसी चार्जर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर सोडतात. इन्व्हर्टरही सोडतात, प्युअरवाले धरून. चॅनल १६ वर स्क्वेल्च (रिकामी खरखर गप्प करणारं बटण) आवाज जेमतेम बंद होईल इतकाच ठेवा आणि एकेक वस्तू चालू करत जा. कोणती चालू केल्यावर सूं ऐकू येतं, तीच गुन्हेगार. एआयएस, म्हणजे आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा, तर याच पट्ट्यात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आहे, आणि ते तक्रारही करत नाही. दूरची जहाजं पडद्यावरून गुपचूप नाहीशी होतात.

ऑटोपायलट भरकटतो तेव्हा मात्र इन्व्हर्टरच्या केबल बघा. १०० अँपिअरची एकटी तार एक मीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार करते. पृथ्वीचं स्वतःचं २५ ते ६५ असतं, त्यामुळे ऑटोपायलटचं होकायंत्र फसतं. किटली लावली की हेडिंग (बोटीची दिशा) सरकतं, असं दिसलं तर प्लस-मायनस तारा एकमेकींना चिकटवून न्या, क्षेत्रं एकमेकांना खोडतात.

मी काय करेन? फक्त लॅपटॉप, फोन, कॅमेरा असेल तर डीसी, आणि इन्व्हर्टरवर खर्च नाही. स्वयंपाकाचं किंवा मोटरचं काही असेल तर प्युअर साइन, बॅटरीपासून हातभर अंतरावर, जाड केबलवर, बॅटरीजवळच फ्यूज लावून, आणि गरजेपुरताच चालू. पेट्रोल इंजिनच्या खणात तर तो अजिबात नको, तिथे पेट्रोलची वाफ साठते आणि ठिणगीने पेटू शकते. लेड-ॲसिड बॅटरी नुकतीच चार्ज झाली असेल तर आत पेटणारा वायू साठलेला असू शकतो, म्हणून आधी कप्पा उघडून हवा खेळू द्या आणि शेवटची तार बॅटरीपासून लांबच्या टोकाला जोडा. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर रिकामे असतात, त्यामुळे पहिल्यांदा जोडताना चटकन ठिणगी उडते.