एसडीएनमधला डीडॉस ओळखायचा कसा: एन्ट्रॉपी की मशीन लर्निंग?

एसडीएनमध्ये (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) पॅकेट कुठे पाठवायचं हा निर्णय स्विच स्वतः घेत नाही; तो कंट्रोलर हे मध्यवर्ती सॉफ्टवेअर घेतं. फ्लो टेबलात, म्हणजे स्विचमधल्या नियमांच्या यादीत, नियम सापडला नाही, की तो कंट्रोलरला ‘पॅकेट-इन’ पाठवून विचारतो. डीडॉसमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांवरून एकाच सर्व्हरवर होणाऱ्या माऱ्यात, हल्लेखोर अनेकदा दर पॅकेटला पाठवणाऱ्याचा नवा खोटा आयपी लावतो, त्यामुळे लक्ष्य असलेल्या सर्व्हरआधी कंट्रोलरच गुदमरू शकतो. म्हणून ओळख लवकर पटणं फार महत्त्वाचं.

एन्ट्रॉपीची पद्धत मला आवडते, कारण ती उघड्या डोळ्यांनी तपासता येते. एन्ट्रॉपी म्हणजे पॅकेट ज्यांच्याकडे निघाली ते पत्ते किती विखुरलेले आहेत याचं माप. 50 पॅकेट-इन घ्या. सगळ्यांचे पोचायचे पत्ते वेगवेगळे असतील तर एन्ट्रॉपी 5.64 बिट. त्यातली 40 एकाच सर्व्हरकडे निघाली आणि उरलेली 10 वेगवेगळीकडे, तर ती थेट 1.39 वर येते. हिशोब एवढाच, आणि कंट्रोलरवर भारही नगण्य. पण दहावीच्या निकालाच्या दिवशीची खरी गर्दीही तिला हल्ल्यासारखीच दिसते. शिवाय अर्धवट विनंत्यांनी सर्व्हरच्या जोडण्या अडवून ठेवणारा स्लोलोरिससारखा संथ हल्ला तिच्या नजरेतून निसटतो.

मशीन लर्निंग इथे सरस ठरू शकतं. रँडम फॉरेस्टसारखं (अनेक निर्णय-वृक्षांचं मत घेणारं) मॉडेल फ्लोचा कालावधी, बाइट्स, परतीची वाहतूक असं बरंच काही एकत्र पाहतं. मात्र शिकवायला डेटा कुठला? केडीडी कप 1999 या स्पर्धेचा, नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्यासाठीचा डेटासेट अजूनही वापरला जातो. स्विच आणि कंट्रोलर ज्या प्रोटोकॉलने बोलतात ते ओपनफ्लो आलं 2008 मध्ये, मग त्यात पॅकेट-इन कुठून असणार? अशा मॉडेलची 99 टक्के अचूकता मी तरी गृहीत धरणार नाही.

छोट्या कॅम्पस नेटवर्कला मी आधी एन्ट्रॉपीच लावीन. ती घसरली, की तेवढ्याच स्विचची फ्लो आकडेवारी मागवून मॉडेलकडे द्यायची.