स्टँडपासून बातमीपर्यंत: रस्त्यावरच्या सायकल-सोयींचं परीक्षण

सगळ्यात वाईट वस्तू आधी उरकून टाकू. जमिनीलगत वाकवलेल्या सळ्यांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत पुढचं चाक शिरेल एवढी फट, आणि अशा बारा फटी एका ओळीत. असा स्टँड अजूनही बसवला जातो, कारण कागदावर त्याची नोंद 'बारा सायकलींची सोय' अशी होते आणि मोजायला आलेला माणूस सायकलवरून आलेला नसतो. फटींमधलं अंतर तीस-पस्तीस सेंटिमीटर, हँडलची रुंदी साठच्या आसपास. एकाआड एक फट रिकामी राहणारच. बाराचे झाले सहा.

खरा दोष त्याहून मोठा आहे. हा स्टँड सायकलला धरतो ते फक्त पुढच्या चाकाच्या खालच्या भागाला. शेजारची सायकल काढताना कुणाचा धक्का लागला किंवा कॅरिअरवरची पिशवी एका बाजूला सरकली, की अख्खी सायकल कलते आणि सगळा पीळ रिमवर येतो. चाक उभं वजन पेलायला बनवलेलं असतं, आडवा जोर त्याला सोसत नाही. मग चाकाला आउट येतो, म्हणजे ते डुलत फिरतं. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क सळीला टेकून वाकते आणि पुढे दर फेऱ्याला पॅडला घासत राहते. जाड टायर फटीत शिरत नाही, बारीक टायर तिच्यात लटपटतो. कुलूपही पोचतं ते पुढच्या चाकापर्यंतच. ते चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय खटका उघडून निघणारं असेल, तर ते जागेवर सोडून बाकीची सायकल उचलायला अर्धं मिनिट पुरतं. पाचपैकी शून्य.

याच कामाची चांगली वस्तू बनवायला याहून सोपी आहे: उलटा यू. शेफील्ड स्टँड हे त्याचं रूढ नाव, इंग्लंडातल्या त्या शहरावरून पडलेलं. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा पोलादी पाइप, उंची ७५ सेंटिमीटर, लांबी ७० सेंटिमीटर ते १ मीटर. सायकल फ्रेमवर दोन ठिकाणी टेकते, त्यामुळे फिरत नाही आणि पडत नाही. दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन सायकली लागतात. यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं पोलादी कुलूप, फ्रेम, मागचं चाक आणि पाइप या तिघांना एकत्र कवेत घेतं. पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असावेत. तळपट्टी बोल्टने बसवलेली असेल तर नटांकडे एकदा वाकून बघा: साध्या पान्याने फिरणारे नट असतील तर चोराला कुलूप तोडायची गरजच नाही, तो स्टँड उचलेल. आणि कुलूप लावण्याआधी पाइप दोन्ही हातांनी हलवून बघायची सवय ठेवा. आधीच कापून ठेवलेला पाइप वर टेप किंवा स्टिकर चिकटवून झाकलेला असतो, ही जुनी युक्ती आहे.

एवढ्या चांगल्या वस्तूचाही विचका करता येतो, तो जागा चुकवून. भिंतीला समांतर, भिंतीपासून वीतभर अंतरावर स्टँड रोवला की एक बाजू मेली. भिंतीला काटकोनात रोवला तर पुढे निदान ५०-६० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते आणि स्टँडच्या दोन्ही टोकांना बाहेर येते. दोन स्टँडमध्ये १ मीटरपेक्षा कमी अंतर ठेवलं, तर दोन हँडलं एकमेकांत गुंततात आणि लोक शेजारच्या खांबाला सायकल बांधतात. मग 'सोय असूनही वापरत नाहीत' असं म्हणायला सगळे मोकळे. नीट अंतरावर रोवलेल्या उलट्या यूला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण छप्पर नसल्याबद्दल कापला.

आता सिग्नल. ज्या चौकात गाडी आल्याचं ओळखून दिवा हिरवा होतो, तिथे बहुतेक वेळा डांबरात करवतीने चौकोनी चर पाडून त्यात तारेची वेटोळी पुरलेली असतात. तारेतून उच्च वारंवारितेचा प्रवाह वाहत असतो. वर धातू आला की त्या धातूत भोवरा-प्रवाह (गोल फिरणारे वीजप्रवाह) तयार होतात, वेटोळ्याचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) घटतं आणि रस्त्याकडेच्या पेटीतल्या यंत्राला कळतं की कुणीतरी आलंय. यात वजनाचा संबंध नाही आणि लोहचुंबकाचाही नाही. बुटाखाली चुंबक लावणाऱ्यांच्या पदरी फक्त जड बूट येतात. ॲल्युमिनिअमची रिम उत्तम चालते, कारण ती वीजवाहक धातूची बंद कडी आहे. कार्बन रिम मात्र यंत्राला जवळजवळ दिसत नाही.

सायकलस्वार सवयीने लेनच्या मध्यभागी किंवा कडेला उभा राहतो. साध्या चौकोनी वेटोळ्यात मध्यभाग हीच सगळ्यात मंद जागा. चराची काळी रेघ शोधा आणि दोन्ही चाकं तिच्यावर उभी करा. उभी रिम तारेच्या बरोबर वर आली की परिणाम सर्वात जास्त. चर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे मधून एक उभी रेघ गेलेला असेल, तर ती मधली रेघ धरा. तरीही दिवा बदलला नाही, तर दोष पेटीत आहे. यंत्राची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. ती फार वाढवली तर शेजारच्या लेनमधली गाडीही पकडली जाते, म्हणून दुरुस्तीवाले ती खालीच ठेवतात. तक्रार करताना 'सिग्नल बिघडलाय' असं लिहिलंत तर कुणीतरी कार घेऊन येईल, दिवा बदलेल आणि तक्रार बंद होईल. चौक, कोणत्या दिशेचा रस्ता, वेळ, आणि 'वेटोळ्यावर उभी केलेली सायकल नोंदली जात नाही' असं नेमकं लिहा. संवेदनशील रेघेवर सायकलचं छोटं चित्र रंगवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात कमी ठिकाणी दिसतो.

दिवा पिवळा होण्याचं गणितही मोटारीचं असतं. ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, २५ मीटर रुंद चौक दोन सेकंदांत मागे टाकते. ताशी १५ च्या सायकलला त्याच चौकासाठी सहा सेकंद लागतात. सायकल हिरव्यावर शिरते आणि आडव्या रस्त्यावरच्यांना हिरवा मिळताना मधोमध असते. पाहणारा म्हणतो, सिग्नल तोडला. हे गणित बदलता येतं: कोपनहेगनच्या नॉरेब्रोगाडे रस्त्यावर २००७ मध्ये सिग्नलांची साखळी ताशी २० किलोमीटरच्या वेगाला जुळवली. त्या वेगाने चालवणाऱ्याला गर्दीच्या वेळी दिवे ओळीने हिरवे मिळतात. सिग्नल-सेवेला सरासरी दोन गुण, आणि तेही चराची रेघ शोधता येत असेल तर.

रंगवलेली सायकल-लेन हा सर्वात जास्त जाहिरात होणारा माल. त्यावर बोलण्याआधी मोजपट्टी काढा. ब्रिटनच्या परिवहन खात्याची जुलै २०२० ची आराखडा-मार्गदर्शिका एकेरी लेनला २ मीटर इष्ट आणि १.५ मीटर हा अगदी शेवटचा तळ मानते. कडेला उभा कर्ब (रस्त्याच्या कडेची दगडी किंवा काँक्रीटची पायरी) असेल तर त्याच्या उंचीप्रमाणे आणखी २० ते २५ सेंटिमीटर धरायला सांगते, भिंत किंवा कठडा असेल तर ५०. कारण सरळ आहे: उंच कर्बला पॅडल आपटतं, म्हणून कुणी त्याला खेटून चालवत नाही. उतरती कड असलेला कर्ब बसवला तर तेवढीच लेन जास्त रुंद मिळते.

आता १.२ मीटरची लेन उभ्या गाड्यांना लागून आखलेली आहे असं समजा. गाडीचं दार बाहेर सुमारे १ मीटर उघडतं. लेनच्या मधोमध चालणारा सायकलस्वार गाडीपासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे दाराच्या टप्प्यातच असतो. दार टाळायचं तर त्याला लेनच्या बाहेरच्या रेघेवर चालवावं लागतं, आणि मग मागची गाडी हॉर्न वाजवून आठवण करून देते की तुझी लेन ती तिकडे. मेलबर्नमध्ये ६० सायकलस्वारांच्या सायकलींना यंत्रं लावून १८,५२७ ओव्हरटेक मोजले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसती रेघ मारलेल्या लेनशेजारून गाड्या, लेन नसलेल्या रस्त्याच्या तुलनेत, सरासरी २७ सेंटिमीटर जवळून गेल्या. लेन आणि शेजारी उभ्या गाड्या असं दोन्ही असेल तिथे फरक ४० सेंटिमीटर. रेघ आली की चालक माणसापासूनचं अंतर बघायचं सोडतो आणि रेघेच्या आत आहोत ना, एवढंच बघतो. दाराच्या टप्प्यात आखलेली लेन नसलेलीच बरी. उणे गुण द्यायची सोय असती तर इथे वापरली असती.

दारावर एक बिनखर्चाचा उपाय आहे: दारापासून लांबच्या हाताने दार उघडणं. खांदा आपोआप वळतो, नजर मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, ही सूचना जानेवारी २०२२ पासून आहे.

गटाराच्या जाळीबद्दल थोडक्यात. फटी जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर २५ ते २८ मिलिमीटरचं टायर त्यांत सरळ उतरतं, चाक थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. फटी आडव्या हव्यात किंवा जाळी चौकोनी भोकांची हवी. रस्त्याचा नवा थर टाकताना जाळी खालीच राहून कडेला खड्डा पडतो, तो वेगळाच.

हा अपघात दुसऱ्या दिवशी छापून येतो तो असा: 'तोल जाऊन सायकलस्वार जखमी.' जाळी वाक्यात नाही. परीक्षणात बातमीचा समावेश केला तो यासाठी. वरच्या प्रत्येक सदोष वस्तूसाठी बातमीकडे एक तयार वाक्य आहे. दार उघडलं गेलं, तर सायकलस्वार 'दारावर आदळला'. लेनच्या बाहेरच्या रेघेवर होता, तर 'अचानक मधे आला'. आणि मराठीत धडक 'बसते', थंडी वाजावी तशी. ती देणारा वाक्यात लागतच नाही. चालकाचं नियंत्रण 'सुटतं', मग पुढचं सगळं कार करते. कारला क्रियापद मिळतं आणि चालकाला फक्त वय व गाव.

हा शब्दांचा कीस नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एकाच अपघाताची बातमी तीन प्रकारे लिहून ९९९ जणांना वाचायला दिली. अपघातात पादचारी होता, सायकलस्वार नव्हता. पण वाक्यरचना ओळखीचीच. पादचाऱ्याला कर्ता केलेल्या बातमीत वाचकांनी त्याला जास्त दोष दिला. चालकाला कर्ता केलं की दोष त्याच्याकडे सरकला. त्या रस्त्यावरच्या इतर अपघातांची माहिती जोडली, तेव्हा वाचक रस्ता सुधारण्याबद्दल बोलू लागले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अपघात या अर्थाचा 'ॲक्सिडेंट' हा शब्द २००१ मध्येच आपल्या पानांतून हद्दपार केला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१६ मध्ये, निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल तर हा शब्द टाळा, असं सांगितलं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून अशा बातम्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

हेल्मेटची ओळ तर साच्यातूनच येते. युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर आपटून तपासतात. आदळतानाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आतला. स्वतः सायकलवरून पडणाऱ्या डोक्यासाठी ही चाचणी आहे, आणि त्यासाठी हेल्मेट घालावंच. पण ट्रकच्या मागच्या चाकाखाली आलेल्या माणसाच्या बातमीत 'हेल्मेट नव्हतं' हे वाक्य काय सांगतं? वार्ताहराला वळणावरची कर्बची त्रिज्या, म्हणजे ट्रकला किती वेगाने वळता येतं, हे विचारायचं सुचलं नाही, एवढंच.

बातमीला पाचपैकी एक. ती सुधारणं स्टँड बदलण्याहून स्वस्त आहे, म्हणून हा एक गुण जास्तच खटकतो. संपादकांना पत्र लिहायचं तर भावना बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा: लेन किती रुंद होती, उभ्या गाड्यांपासून किती अंतरावर होती, आणि पृष्ठभागावर नेमकं काय होतं. 'तोल जाऊन'च्या जागी 'जाळीच्या फटीत पुढचं चाक अडकून' असं छापून आलं, तर जाळी कुणाच्या तरी कामाच्या यादीत चढते. जाळी आणि तिची चौकट दोन्ही चौरस असतील, तर तिला नवीन भागही लागत नाही. उचलायची आणि काटकोनात फिरवून पुन्हा बसवायची.