जयंती रोहू की साधा रोहू: बीज टाकण्याआधी

पावसाळ्यात मत्स्यबीज घ्यायला गेलं की दोन भाव कानावर पडतात. साध्या रोहूचा एक, ‘जयंती’चा त्याहून चढा. दोन्ही पिशव्यांतलं बीज दिसायला हुबेहूब सारखं. चढा भाव द्यायचा की नाही हे तळं कसलं, पाणी किती महिने टिकतं आणि खाद्य नियमित पडणार का, यावर ठरतं. वाणाचा नंबर त्यानंतर लागतो.

जयंती म्हणजे नेमकं काय? भुवनेश्वरच्या ‘सीफा’ या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर हे काम सुरू केलं. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतले रोहू आणि संस्थेतला जुना साठा एकत्र केला. प्रत्येक जोडीच्या पिल्लांना खूण करून एकाच तळ्यात वाढवलं, आणि ज्या कुटुंबांची वाढ सरस त्यांतूनच पुढच्या पिढीचे नर-मादी निवडले. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णजयंतीला, वाण बाहेर आला, नाव त्यावरून. पुढे एरोमोनास जिवाणूच्या रोगाला तोंड देण्याची ताकद हाही निवडीचा निकष झाला. यात जनुकबदल नाही. शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणसं बाजूला ठेवतो, तीच रीत, फक्त वजनकाटा आणि नोंदवहीसह.

वाढीतला फायदा दर पिढीला सरासरी १७ टक्के असल्याची नोंद आहे. हा आकडा बाजारात फार ताणला जातो. पाच पिढ्या गुणिले १७ असा हिशेब करून ‘दुप्पट मासा’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ही वाढ संस्थेच्या तळ्यातली, मोजूनमापून दिलेल्या खाद्यावरची आणि थेट निवडलेल्या जनकांच्या पिल्लांची आहे. तुमच्यापर्यंत येणारं बीज त्यांच्यापासून किती हात दूर आहे, हे कोणी सांगत नाही. दुसरं असं की निवड सरासरी वर सरकवते. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८६ पासून १३ पौंडांपुढच्या बास जातीच्या माशांच्या माद्या हौशी गळकऱ्यांकडून घेऊन त्यांची पैदास करतात, कारण तिथे एकच विक्रमी मासा हे उद्दिष्ट असतं. आपल्याला चार हजार मासे एकाच महिन्यात किलोच्या आसपास आलेले हवेत. त्या कामाला जयंती योग्य आहे; राक्षसी रोहूसाठी घेत असाल तर पैसे वाया.

आता खाद्याचा हिशेब, कारण खरी अडचण इथेच आहे. एक हेक्टर तळ्यात ६,००० बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) टाकली आणि ८० टक्के जगली तर ४,८०० मासे. साधं बीज वर्षात ७०० ग्रॅमवर गेलं आणि सुधारित ९०० वर, असं धरा. फरक माशी २०० ग्रॅम, म्हणजे एकूण ९६० किलो. एक किलो वाढीला दोन किलो खाद्य धरलं तर हा फरक मिळवायला सुमारे १,९०० किलो जास्तीचं खाद्य लागेल. सुधारित मासा हवेतून मांस बनवत नाही. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे, सुरुवातीला एकूण वजनाच्या ३ टक्के रोज, मासा वाढेल तसं २ टक्क्यांवर. दर महिन्याला जाळं टाकून ३० मासे तोलल्याशिवाय ही टक्केवारी काढताच येत नाही. शेण टाकून तळं देवावर सोडणाऱ्याच्या तळ्यात दोन्ही वाण जवळपास सारखेच उपाशी राहतात.

वाणाइतकाच, खरं तर त्याहून मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे बीजाचा आकार. मत्स्यजिऱ्यापासून (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांपासून) २५ मिमीच्या मत्स्यबीजापर्यंत ३० ते ५० टक्के जगतात, तिथून बोटुकलीपर्यंत ६० ते ७०. जयंतीचं मत्स्यजिरं स्वस्तात मिळालं म्हणून थेट मोठ्या तळ्यात सोडलं, तर मरळ, बेडूक आणि पाणकिडे तुमचा वाण खातील. हातातल्या पैशांत एकच परवडत असेल तर साध्या रोहूची १०० मिमीची बोटुकली घ्या, जयंतीची त्याहून लहान अर्धबोटुकली नको. आंध्रात मोठे व्यावसायिक याच्याही पुढे जातात. बीज वर्षभर दाटीत ठेवून खुरटवतात आणि १०० ग्रॅमच्या पुढचे मासे तळ्यात सोडतात. जागा आणि खाद्य मिळताच ते झपाट्याने भरतात.

शेततळेवाल्यांसाठी हाच मुद्दा निर्णायक आहे. ३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराचं शेततळं म्हणजे २,१९६ घनमीटर पाणी, तेही काठोकाठ भरलं तर. पिकाला पाणी उपसलं की मार्चपासून खोली झपाट्याने घटते, म्हणजे वाढीला हाती उरतात आठेक महिने. त्यातले डिसेंबर-जानेवारी थंड. पाणी २० अंशांखाली गेलं की रोहूचं खाणं बरंच घटतं. इतक्या कमी दिवसांत सुधारित वाणाचा फरक उमटायला वावच नसतो. इथे ५०-१०० ग्रॅमचे खुरटे मासे टाका, साधे असले तरी. संख्या ४५०-५०० पुरे. प्लास्टिक अंथरलेलं असेल तर तळाला चिखल नाही, म्हणून तळाशी खाणारा मृगळ उपाशी राहतो. त्याचं प्रमाण कमी करून रोहू-कटला वाढवा. शेण सरळ ओतू नका, गोणीत भरून कडेला लटकवा.

बारमाही पाणी, एक एकराच्या पुढचं मातीचं तळं, आधी मोहाची पेंड हेक्टरी २,५०० किलो टाकून नको असलेले मासे काढलेले, मग तीन आठवडे थांबून बीज सोडलेलं, खाद्य रोज, पहाटे मासे वर येऊन श्वास घेताना दिसले तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावण्याची सोय: अशा ठिकाणी जयंतीचा चढा भाव वसूल होतो. यातलं एक जरी नसेल तर आधी ते जमवा.

आणि बीज खरंच जयंती आहे का? पाहून ओळखता येत नाही, मोठा झाल्यावरही नाही. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. जनक मासे कुठून आणि कोणत्या वर्षी आणले? एकूण किती नर-मादी वापरता? पावतीवर वाणाचं नाव लिहून द्याल का? वीस-पंचवीस जनकांवर वर्षानुवर्षं हॅचरी (बीज तयार करणारं केंद्र) चालवली, त्यांचीच पिल्लं पुन्हा जनक केली, की जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे (आंतरप्रजनन) निवडीतून मिळवलेली वाढ हळूहळू निसटते. शिवाय गोल टाकीत रोहू आणि कटला एकत्र पैदाशीला घातले की संकर निपजतात. ते ना धड हे ना धड ते. जनकांचा उगम कागदावर दाखवणारी साधी हॅचरी, ‘जयंती आहे ना साहेब’ असं तोंडी सांगणाऱ्यापेक्षा बरी.

कटला जास्त चालत असेल तर सीफाचाच ‘अमृत कटला’ पाहा. दर पिढीला सुमारे १५ टक्के वाढ, मिश्र शेतीत वर्षात १.८ किलो, तेव्हा साधा कटला १.२ किलो. अटी त्याच. गिफ्ट तिलापियाला (निवडीने सुधारलेला तिलापिया मासा) भारतात परवाना लागतो, आणि उजनीत आधीच भरलेल्या जंगली चिलापीशी त्याची गल्लत करू नका. ती दहा-बारा सेंटीमीटरची असतानाच अंडी घालू लागते आणि तळं बारक्या माशांनी भरून टाकते.

धरणात सोडायचं असेल तर सुधारित वाणाचा विचारही करू नका. मोठ्या जलाशयात हेक्टरी ५०० बोटुकलीचा निकष आहे. इतके विरळ मासे असताना वाढ ठरते ती नैसर्गिक अन्नावर, आणि शिवडा-मरळीच्या तोंडातून किती वाचले त्यावर. हौशी मासेमारीसाठी मोठा मासा हवा म्हणून बीज सोडण्याचा अनुभव तर आपल्याच भागाशी जोडलेला आहे. लोणावळ्याच्या वळवण हॅचरीत १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते, आणि तिथली निळ्या परांची महसीर कावेरीतही सोडली गेली. गळकऱ्यांच्या नोंदींत मग मासे संख्येने वाढले, पण आकाराने घटले. कावेरीची मूळ कुबडी महसीर, जिचा १२० पौंडांचा मासा १९४६ मध्ये कबिनीत सापडला होता, २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेली.

तरीही ठरत नसेल तर पहिल्या वर्षी निम्मं-निम्मं घ्या आणि एकाच तळ्यात तुलना करा. दोन तळ्यांत केली तर फरक वाणाचा की पाण्याचा हे कळत नाही. दोन्हीकडची बोटुकली एकाच वयाची आणि लांबीची हवी. १०-१५ मिमीचा फरक असला तरी निकाल खोटा. जयंतीच्या प्रत्येक माशाचा पोटाकडचा डावा पर मुळाजवळ कात्रीने कापा, साध्याचा उजवा, म्हणजे इजा दोघांना सारखी. काम सकाळी गारव्यात, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवून, आणि सोडण्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात क्षणभर बुडवून. कापलेला पर पुन्हा फुटतो, म्हणून दर दोन-अडीच महिन्यांनी जाळ्यात आलेल्यांची खूण ताजी करा. शेवटी सरासरी वजनाबरोबर कोणत्या खुणेचे किती जगले तेही मोजा, कारण मोठे पण थोडे उरलेले मासे काट्यावर साध्यांपेक्षा कमी भरू शकतात.