बिल्डर की स्वयंपुनर्विकास? आधी पैशाचं बघा

पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपल्याला जागा किती वाढवून मिळणार?" मी आमच्या मुंबईतल्या 24 घरांच्या सोसायटीचा खजिनदार होतो. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच फसलो. टेंडरमध्ये ज्या बिल्डरने सगळ्यात जास्त कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, देऊ केला, त्याच्या नावाने ठराव केला. घरं रिकामी केल्यावर बाहेर राहण्यासाठी त्याने दिलेले भाड्याचे चेक 14 महिने वेळेवर वटले, पंधराव्या महिन्याचा परत आला. तळमजल्यावरच्या आजी तोवर भाच्याकडे बदलापूरला राहायला गेल्या होत्या. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन यायचा : "चेक टाकू का रे आज?" मी "दोन दिवस थांबा" म्हणायचो. शेवटी काम मार्गी लागलं, पण फार उशिरा.

म्हणून इमारत बिल्डरला द्यायची की स्वतःच नव्याने बांधायची, या दोन वाटांपुढे ज्या सोसायट्या आज उभ्या आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की जागेचा प्रश्न दुसरा ठेवा. घरं रिकामी केल्यापासून ओसी, म्हणजे नव्या इमारतीत राहायला जायचा दाखला, हातात पडेपर्यंत पैसा कुणाच्या खिशातून जाणार आणि तो आटला तर काय, हे आधी विचारा.

बिल्डरच्या वाटेवर पैसा त्याचा. महापालिकेचे प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क), टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), बांधकाम, सभासदांचं भाडं, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) सगळं तोच भरतो आणि बदल्यात विक्रीचे फ्लॅट घेतो. सभासदाला खिशात हात घालावा लागत नाही, ही छोटी गोष्ट नाही. पेन्शनवर जगणाऱ्या घरांना तीच वाट पेलते. पण त्याचा पैसा बहुतेक वेळा उसना असतो. बाजार थंडावला, की पहिली कात्री लागते ती भाड्याला. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 2019 च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे, म्हणजे बिल्डरने शब्द मोडला तर बँकेने सोसायटीला द्यायची रक्कम. वाटाघाटीत बिल्डर तिथेच सूट मागतो, "त्याऐवजी आणखी थोडी जागा देतो" म्हणतो, आणि सभा टाळ्या वाजवते. आम्हीही वाजवल्या. महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाचं, थेट संरक्षण विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याला असतं. जुन्या सभासदाची सारी भिस्त करारावर आणि त्या गॅरंटीवर. ती सोडू नका. जागा पाच टक्के कमी मिळाली तरी चालेल.

स्वयंपुनर्विकासात सोसायटी स्वतःच विकासक होते. वास्तुविशारद, पीएमसी (प्रकल्पावर देखरेख ठेवणारा सल्लागार) आणि कंत्राटदार आपण नेमायचे, कर्ज सोसायटीच्या नावावर काढायचं, विक्रीचे फ्लॅट आपण विकायचे आणि त्यातून कर्ज फेडून उरलेला नफा जागेच्या किंवा कॉर्पसच्या रूपाने सभासदांत वाटायचा. राज्य सरकारने 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने 30 वर्षांहून जुन्या इमारतींसाठी यात सवलती आणल्या : 10 टक्के जादा एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), परवानग्यांसाठी एक खिडकी, कर्जाच्या व्याजात 4 टक्के सवलत. मुंबईत या कामासाठी कर्ज देण्यात मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक पुढे राहिली आहे. चारकोपच्या श्वेतांबरा सोसायटीसारख्या इमारती याच वाटेने उभ्या राहिल्या. 2022 च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा आणि राज्य सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांसाठी कर्ज द्यायला मुभा दिली, मात्र गृहकर्जाच्या एकूण मर्यादेतच, म्हणजे बँकेच्या मालमत्तेच्या 5 टक्क्यांत. याचा अर्थ सरळ आहे. बँकेची इच्छा असली तरी तिची झोळी मोजकी आहे. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकाही सभासदाने घर रिकामं करू नये.

आता एक हिशेब, आमच्याच आकाराच्या सोसायटीचा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा 10 कोटींचं कर्ज उचलून झालंय आणि व्याज 12 टक्के आहे. महिन्याला 10 लाख नुसतं व्याज. 24 कुटुंबांना 25 हजारांप्रमाणे भाडं, ते 6 लाख. म्हणजे इमारत जितके महिने रखडेल तितक्या वेळा 16 लाख. एक वर्ष उशीर झाला तर 1 कोटी 92 लाख, दर घरामागे 8 लाख. बिल्डरच्या वाटेवर हा बोजा कागदावर तरी त्याचा असतो. इथे तो तुमचा. व्याजाची 4 टक्के सवलत मिळाली तर यातले महिन्याला सव्वातीन लाखांच्या वर वाचतील, पण ती मिळेल असं धरून ताळेबंद मांडू नका. सवलतीशिवाय गणित जमत असेल तरच पुढे जा.

मग एवढा धोका का पत्करायचा? कारण बिल्डर जो नफा नेतो तो सोसायटीत राहतो. रस्ता रुंद असेल, भूखंड मोठा असेल, आजूबाजूला फ्लॅटचे दर चांगले असतील, तर फरक डोळ्यात भरण्याइतका असतो. दुसरं म्हणजे नकाशा आपल्या हातात राहतो. स्वयंपाकघराची खिडकी कुठे असावी हे आपणच ठरवतो. उलट भूखंड लहान, रस्ता अरुंद आणि विकायला चार-पाचच फ्लॅट उरत असतील, तर स्वतः उतरणं मी कुणालाही सांगणार नाही. तिथे कर्ज फेडण्याइतकीही विक्री होत नाही.

कागदपत्रं दोन्हीकडे लागतात, पण स्वयंपुनर्विकासात एक कागद अडला की सगळंच अडतं. तो म्हणजे कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर बँक दारात उभं करत नाही. मूळ विकासकाने ते करून दिलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहीशिवाय सरकारकडून ते करून घेण्याचा, अर्ज आजच टाका, वाट कोणती हे पुढे ठरवा. ठरावासाठी एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची संमती लागते, सभेला दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात आणि चित्रीकरण होतं. पण 51 टक्क्यांवर स्वयंपुनर्विकास सुरू करणं म्हणजे पहिल्या पावसात छत्री घरीच टाकून जाणं. मला विचाराल तर नव्वद टक्क्यांखाली सुरू करू नये. बिल्डर नाराज सभासदाची समजूत काढायला माणूस ठेवतो. इथे ती समजूत तुमच्या सेक्रेटरीलाच काढावी लागते, रोज, तीन-साडेतीन वर्षं.

एक मधली वाटही हल्ली निघाली आहे. विकासक 'डेव्हलपमेंट मॅनेजर' म्हणून ठराविक फी घेऊन काम बघतो, कर्ज आणि नफा सोसायटीचाच राहतो. ज्या सोसायटीत पैशाची समज आहे पण साइटवर उभं राहायला माणूस नाही, तिला ती जुळते. फी मात्र टप्प्याटप्प्याने द्यायची आणि शेवटचा मोठा हप्ता ओसीनंतर, हे करारातच घाला.

दोन्हीपैकी काहीही निवडा, पीएमसी नेमताना तो आधी कुणासाठी काम करत होता हे विचारा. आमच्या पीएमसीने बिल्डरांच्या टेंडरची तुलना करून दिली, आणि पुढे कळलं की त्याचं आणि आम्ही निवडलेल्या बिल्डरचं ऑफिस एकाच इमारतीत होतं. तो कागद माझ्या कपाटात अजून आहे. त्यात कार्पेटचा रकाना ठळक अक्षरात आहे आणि बँक गॅरंटीचा रकाना कोराच आहे.